दोन कार्डांचा समुद्र

नातीने स्क्रू काढले, कॅबिनेटचं दार अलगद बाजूला ठेवलं, आणि आतून आधी बाहेर आला तो वास. खारवलेली धूळ, हिरवं पडलेलं तांबं आणि तळाशी कुठेतरी, अजून, तापलेल्या वार्निशचा. एका कोपऱ्यात कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं आणि सोडूनही दिलं होतं. त्याच्या वर दोन काळी ग्राफिक्स कार्डं आडवी बसलेली, एकाखाली एक. दोन्हींच्या डोक्यांना जोडणारा बोटभर लांबीचा तो पूल तसाच जागेवर.

"आजी, यात दोन कार्डं कोणी घातली?" नातीने विचारलं. इंजिनिअरिंगला गेल्यापासून ती जुन्या वस्तूंकडे डॉक्टरच्या नजरेने बघते.

"आम्ही."

"आम्ही म्हणजे कोण?"

"मी आणि तुझी मोठी आजी."

तिने हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. मला बरं वाटलं. या वयात नातवंडांना धक्का देण्याच्या संधी फार येत नाहीत.

मोठी आजी म्हणजे माझी मोठी जाऊ. मी त्यांना वहिनी म्हणते. भावोजी गेल्यावर मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला, आणि आता वर्षातून एकदा, कार्तिकात, भावोजींच्या तिथीला त्या रत्नागिरीला येतात. पान वाढतात, कावळ्याची वाट बघतात, मागच्या पडवीत जरा टेकतात, आणि पिशवीची चेन लावलेलीच असते. यंदा त्यांना थांबवून घ्यायचं मी ठरवलं होतं. दरवर्षी 'राहा हो वहिनी' म्हणून बघितलं, त्याचा उपयोग होत नाही. त्या नुसत्या हसतात. म्हणून यंदा तोंडाने काही म्हणायचं नाही, आमचा जुना कॉम्प्युटर पुन्हा उभा करायचा, त्यातल्या खेळातली गाडी सुरू करायची आणि गप्प बसायचं, असा माझा बेत. नातीला यातलं निम्मंच सांगितलं होतं.

ती म्हणाली, "पण आता दोन कार्डं कोणी लावत नाही, आजी. नवीन कार्डांवर तो पूल जोडायला जागाच ठेवत नाहीत. एकच कार्ड दोघांचं काम करतं."

मला ते वाक्य आवडलं नाही.

*

आमच्याकडे कॉम्प्युटर आला तो माझ्या मुलासाठी. मुलगा नोकरीला मुंबईला गेला, कॉम्प्युटर मागे राहिला, आणि त्याच्या पोटात राहिला मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ. परक्या कुठल्या तरी देशातला समुद्राकाठचा रस्ता, एका अंगाला पिवळ्या फुलांची टेकडी, दुसऱ्या अंगाला पाणी. आमच्या आरे-वारेच्या वळणासारखंच वळण, फक्त कडेला कुणी शहाळी विकत बसलेलं नाही आणि गुरं आडवी येत नाहीत.

दुपारी जेवणं उरकली, सासूबाईंचा डोळा लागला, आमचे हे पेपर छातीवर पसरून घोरू लागले, की वहिनी पदराला हात पुसत येत आणि माझ्या शेजारी स्टूल ओढून बसत. कीबोर्ड आमच्या दोघींत एक. डावं-उजवं माझ्याकडे, वेग आणि ब्रेक त्यांच्याकडे. वळवणार मी आणि थांबवणार त्या. दोन जावांनी एकत्र स्वयंपाक करण्याहून हे काम अवघड होतं, पण स्वयंपाकात आम्हाला जे कधी जमलं नाही ते इथे जमलं. वळण आलं की त्या न सांगता वेग उतरवत. त्यांनी वेग उतरवला की मला कळे, आता डावीकडे.

एक खोड मात्र होती. टेकडी उतरून रस्ता समुद्राला लागला, की वहिनी ब्रेक दाबून धरत. गाडी रस्त्याच्या कडेला उभी. मागून लाल, हिरव्या, पिवळ्या गाड्या सूं सूं करत पुढे निघून जात.

"वहिनी, शेवटच्या येऊ आपण."

"येऊ दे गो. घाई कसली आहे?"

आणि त्या बघत बसत. काय बघत असतील, मला कळत नसे. त्या वेळचा तो समुद्र म्हणजे निळ्या ताडपत्रीसारखा. लाट नाही, फेस नाही, काठाला कापून चिकटवलेला. मी एकदा म्हटलंच, मागच्या दारी खरा आहे की, माडांच्या मधून दिसतो, फुकटात. त्यावर त्यांनी ब्रेक आणखी जरा वेळ दाबून ठेवला.

भावोजी बोटीवर होते. इंजिनवर. वर्षातले चार दिवस घरी आणि बाकीचे कुठल्या पाण्यावर ते नकाशात शोधायचं. ते यायचे तेव्हा घराला वेगळाच वास यायचा. परदेशी साबणाचा, चॉकलेटच्या चांदीचा, आणि कपड्यांच्या घडीतून न निघणाऱ्या डिझेलचा. जाताना दर वेळी वहिनींना विचारायचे, काय आणू. वहिनी दर वेळी म्हणायच्या, तुम्ही या म्हणजे झालं. फक्त त्या वर्षी म्हणाल्या, ग्राफिक्स कार्ड आणा.

भावोजींना वाटलं, पुतण्यासाठी असेल.

*

हे ग्राफिक्स कार्डाचं खूळ घरात आणलं मी. पन्नाशी नुकतीच लागली होती मला आणि अकलेला पूर आला होता. वाचनालयातून कॉम्प्युटरची मासिकं आणायची, साखळीतला चष्मा नाकावर घ्यायचा आणि जो समोर येईल त्याला समजावून सांगायचं. कॉम्प्युटरच्या पोटात एक चितारी बसलेला असतो, पडद्यावरचं सगळं तो रंगवतो, आपला चितारी म्हातारा झालाय, म्हणून त्याला लाट काढता येत नाही. नारळ पाडायला आलेल्या गड्यालाही मी हे ऐकवलं होतं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मग नारळ किती पाडायचे?

ती पन्नाशीतली बाई आज समोर आली तर मी तिला आधी एक पेला ताक देईन आणि मग बोलती बंद करीन.

भावोजींनी सिंगापूरहून आणलेलं कार्ड लागलं, आणि आमच्या समुद्राला थोडी हालचाल आली. वाऱ्यावर चादर हलावी इतपत. मासिकात लिहिलं होतं की दोन कार्डं जोडीने लावली तर लाट फुटतेसुद्धा. दोघं मिळून रंगवतात, एक चित्र याचं, पुढचं त्याचं. झालं. दुसरं कोणतं घ्यायचं यावर आमच्या पडवीत आठवडेच्या आठवडे खल झाला. वहिनी गावातल्या नावाजलेल्या स्थळं सुचवणाऱ्या. त्यांनी आपल्या पद्धतीने चौकशी सुरू केली. उंची किती, खातं किती म्हणजे वीज किती ओढतं, आवाज कसा आहे, अंगात कडकी म्हणजे तापतं किती. एका खोक्यावर तलवार घेतलेली बाई होती, अंगावर नावाला कपडे. ती देवघराच्या शेजारच्या खोलीत नको म्हणून बाद झाली.

शेवटी निकाल दिला मी. म्हटलं, दोघांना जन्मभर एकत्र नांदायचं आहे, तेव्हा एकाच घराण्यातली नकोत. सगोत्र होईल. मासिकं वाचून वाचून मी हे शिकले होते. तर भावोजींनी आणलेलं एका कंपनीचं, आणि आम्ही मुंबईहून एसटीच्या पार्सलने मागवलं ते तिच्या हाडवैरी कंपनीचं. मोठं देखणं. लाल पंखा, चकचकीत अंग.

दोघांना शेजारी बसवलं आणि कॉम्प्युटरने पडदा काळा केला तो केलाच. वहिनी बराच वेळ त्या काळ्या काचेत आपला चेहरा बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "शिंचं गोत्रच हवं होतं वाटतं गो यांना."

*

म्हणून आम्ही कोल्हापूरला गेलो. घरी सांगितलं, अंबाबाईची ओटी भरायला. सासूबाईंनी स्वतःच्या हाताने खण-नारळ बांधून दिला, हळदीकुंकवाची पुडी दिली. सगळं पिशवीत वर, आणि खाली, पोळ्यांच्या डब्यात, वहिनींच्या मऊ झालेल्या सुती लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं भावोजींचं कार्ड. तसंच्या तसं दुसरं शोधायचं, तर नमुना हवा. लाल पंख्याचं मी मांडीवर घेतलं होतं. त्याला दुसऱ्याच्या बदल्यात देऊन टाकायचं होतं, आणि मला त्याचा उगाच कळवळा येत होता.

मोहोराचे दिवस होते. गावाबाहेर पडलं की बागाबागांतून तो गोड, जरा आंबूस वास खिडकीतून आत यायचा, त्यात फवारणीचा कडू वास मिसळलेला. हातखंब्याला बस थांबली तेव्हा वड्याचा घाणा आणि मुंबईच्या गाड्यांचा धूर. पालीच्या बाजारात लाल माठाच्या जुड्या पाण्याने नाहून बसलेल्या. मग चढण, मग आंबा घाट, झाडांखालचा गारवा, आणि मागच्या सीटवर कुणी तरी लिंबू हुंगतंय. वहिनी सगळी वाट गाणं गुणगुणत होत्या. घरात मी त्यांना गाताना ऐकलं नव्हतं. कुठलं गाणं ते विचारलं असतं तर थांबल्या असत्या, म्हणून विचारलं नाही. आता वाटतं, विचारायला हवं होतं. मग वाटतं, नाही विचारलं तेच बरं.

दुकानातला तरुण मालक फार अगत्याचा. "बसा की काकू. मुलगा कितवीला हाय?"

"मुलासाठी नाही," वहिनी म्हणाल्या. "मी खेळते."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी खांद्यावरचा पदर नीट केला.

त्याने आमचा डबा उघडला, कार्ड पोळीसारखं दोन बोटांत उचललं, आतून अगदी तसंच दुसरं घेऊन आला. दोन्ही आपल्या यंत्रात बसवली, पूल जोडला, आणि हौसेने एक लढाई लावून दिली. बंदुका, धूर, पडक्या भिंती. वहिनींनी जरा वेळ सभ्यपणे पाहिलं.

"हे नको. पाणी दाखवा."

त्याच्याकडे पाण्याचं काही असेल असं मला वाटलं नव्हतं. पण शोधून शोधून त्याने एक किनारा काढला. रिकामा. आणि लाट आली. खरोखर उचलली गेली, कडेला पांढरी झाली, फुटली, वाळूवर पसरत वर आली आणि मागे गेली. वाळू ओली होऊन काळी पडली. मग काठाकडून हळूहळू सुकत गेली, फिकट होत गेली, आणि पुरती सुकायच्या आत दुसरी लाट आली.

वहिनी उभ्या होत्या, उभ्याच राहिल्या. मालकाने खुर्ची पुढे केली ती त्यांना दिसली नाही. दुकानात माणसं आली, माणसं गेली. मी हळूच म्हटलं, घराच्या मागे हेच तर आहे, वहिनी. या वेळी त्या बोलल्या. पडद्यावरून नजर न काढता.

"त्या समुद्रावर आमचं माणूस आहे गो. तो बघायला बसले की वाट बघणं होतं. ह्याच्यावर कोणी गेलेलं नाही. हा नुसता बघता येतो."

दुकानात पंखा फिरत होता. पन्नाशीच्या त्या ज्ञानी बाईकडे तेवढ्यापुरते शब्द नव्हते, ही तिची त्या वर्षातली सगळ्यात शहाणी कामगिरी.

परतीच्या बसमध्ये, ऊन तिरपं होऊन घाटात शिरलं तेव्हा, वहिनींनी तिकिटासाठी पिशवीत हात घातला आणि हात तसाच ठेवून माझ्याकडे पाहिलं. नारळ. खण. हळदीकुंकवाची पुडी. अंबाबाईच्या देवळाकडे आम्ही फिरकलोच नव्हतो. आधी मला रडू येईलसं झालं, मग वहिनींच्या नाकपुड्या थरथरल्या, आणि मग दोघी ज्या हसत सुटलो, कंडक्टर दोनदा येऊन परत गेला. पालीला उतरून पेढे घेतले. घरी सासूबाईंनी विचारलं, गर्दी होती का गो? वहिनी पाय धुता धुता म्हणाल्या, होती, पण दर्शन छान झालं. देवीची ओटी पुढे मे महिन्यात जाऊन रीतसर भरली, दंड म्हणून दोन नारळ जास्त.

*

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. वास आठवतात, आवाज आठवतात. दोन कार्डं जोरात आली की कॅबिनेटमधून पिठाच्या गिरणीसारखी घरघर यायची. झोपेतून हे विचारायचे, मिक्सर कशाला लावलात? आणि ऊब. पाठीमागच्या जाळीतून अशी गरम हवा यायची की हात शेकावेत. लेक बाळंतपणाला आली, आषाढ असा लागला की कपड्यांना बुरा चढावा, तेव्हा आम्ही त्या जाळीसमोर सुंभाची दोरी बांधली आणि बाळाची दुपटी वाळवायला घातली. वाळली की त्यांना ऊन पडल्यासारखा वास यायचा, शेगडीवरच्यासारखा धुराचा नाही. दुपटी फार असली की दुपारी आम्ही शर्यती जास्त खेळायचो. तेच बाळ आज स्क्रू ड्रायव्हर घेऊन माझ्यासमोर बसलंय आणि मला सांगतंय की दोन कार्डांची कल्पना मुळातच चुकीची होती, वीज जास्त, उष्णता जास्त, फायदा थोडा.

म्हटलं, "तुझी कातडी त्या उष्णतेवर वाढली आहे. जरा मानाने बोल."

भावोजी निवृत्त होऊन आले तेव्हा दुपार बदलली. ते पडवीत खुर्ची टाकून खऱ्या समुद्राकडे तोंड करून बसायचे, आणि वहिनी त्यांच्या बाजूला कोकमं फोडत. मी दोन-चारदा हाक मारली. "आले गो," म्हणायच्या. येत नसत. मी एकटीने गाडी चालवून बघितली. एका हाताने वळवायचं, दुसऱ्याने वेग. जमतं ते. पहिलीसुद्धा आले एकदा. लाल-हिरव्या गाड्या मागे पडल्या, पडद्यावर फटाके उडाले, आणि शेजारच्या स्टुलावर मांजर झोपलेलं. मग मी कॉम्प्युटरवर क्रोशाचा रुमाल घातला. पुढे भावोजी गेले. पडवीतली खुर्ची आत आली. मग पुण्याची गाडी दारात उभी राहिली, आणि वहिनींनी पायरी उतरताना माझ्या हातावर हात ठेवला.

*

नवं कार्ड निवडताना नातीने मला फोनवर ढीगभर दाखवली. तीन तीन पंख्यांची, गणपतीच्या आराशीसारखी रंग बदलणारी. मी एकच विचारत होते, दोन मिळतील का. ती समजावत राहिली. जुनी दोन चालली असती तर मी ऐकलंही नसतं, पण खाऱ्या हवेने त्यांची खाचेत बसणारी बोटं खाल्ली होती. शेवटी मीच हट्ट सोडला. एकच घेतलं. लांबलचक, थंड, गप्प. तोच खेळ नव्या अवतारात मिळतो म्हणाली, त्याला झेपेल असं पोटातलं बाकीचं सामानही तिने बदललं आणि तो घातला. मी लावून बघितला नाही. मला एकटीला बघायचा नव्हता.

वहिनी आल्या. चालताना आता भिंतीला हात लागतो त्यांचा. तिथी झाली, कावळा लवकर शिवला, जेवणं झाली. त्यांची पिशवी दाराशीच होती, संध्याकाळच्या गाडीचं तिकीट मुलाने काढून दिलेलं. मी काही न बोलता खोलीत गेले, खुर्ची आणि स्टूल शेजारी शेजारी मांडलं, खेळ सुरू केला. नात कॉटवर बसून बघत होती. जरा वेळाने भिंतीवरून हात सरकत येताना ऐकू आला.

"अगो, हे अजून आहे?"

बसल्या. बोटं आपोआप जागेवर गेली. टेकडीवरून गाडी सुटली, पहिल्या वळणाला त्यांनी न सांगता वेग उतरवला, मी डावीकडे घेतली. मी उगाचच रस्त्याला नावं ठेवली. टेकडी उतरली. समुद्र आला आणि त्यांनी ब्रेक दाबला.

काय सांगू, कसा होता. पाण्याखालची वाळू दिसत होती. लाटेच्या पोटातून ऊन आरपार जात होतं. फेस किनाऱ्यावर राहायचा आणि त्याचे बुडबुडे एकेक करून विझायचे. आणि खोलीत चिटपाखराचा आवाज नाही. ना घरघर, ना ऊब.

वहिनी बघत राहिल्या. मागच्या गाड्या पुढे गेल्या, शर्यत संपली असावी. मी त्यांच्याकडे चोरून पाहिलं, तर त्या डोळे बारीक करून पाणी जिथे आभाळाला लागतं तिथे काही तरी शोधत होत्या.

"फारच मोकळा आहे गो," म्हणाल्या. मग, अगदी सहज, मीठ मागावं तसं म्हणाल्या, "ह्यात एखादी बोट घालता येते का?"

नातीने तोंड उघडलं. खरं काय ते ती सांगणार होती, शिकलेली मुलगी. मी तिच्याकडे असं बघितलं की तिने ते मिटलं.

"येते की," मी म्हटलं. "पण एका कार्डाला झेपायचं नाही, वहिनी. दुसरं आणावं लागेल. मग ते बसवायचं, जमवायचं. वेळ लागतो."

त्यांनी ब्रेकवरचं बोट काढलं नाही. दुसऱ्या हाताने कमरेचा फोन काढला, डोळ्यांजवळ धरून मुलाचं नाव शोधलं आणि त्याला सांगितलं की आजचं तिकीट रद्द कर. त्याने कारण विचारलं असावं.

"काम निघालंय," त्या पडद्याकडे बघत म्हणाल्या. "नाही रे, तुला सांगून नाही कळायचं."